लोझानच्या कचेरीत दिवसभर काय चालतं?

सांगलीच्या एका मुलीने विचारलंय : "ताई, मी खो-खो राज्य पातळीपर्यंत खेळले. बी.पी.एड. झालं, आता क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यास करतेय. ऑलिम्पिक समितीत किंवा एखाद्या जागतिक महासंघात नोकरी करायची आहे. सुरुवात कुठून करू? तिथे दिवसभर काम काय असतं? आणि खेळाडू म्हणून मोठं नाव नसेल तर घेतात का?"

शेवटचं आधी सांगते. घेतात. मी स्वतः कबड्डीत विद्यापीठ संघाच्या राखीव बाकापलीकडे कधी गेले नाही, आणि गेली अकरा वर्षं स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात, एका खेळाच्या जागतिक महासंघाच्या स्पर्धा विभागात आहे. आम्ही सात जण. त्यात ऑलिम्पिक खेळलेली एकच. तिचा मान मोठा आहे, पण रात्री अकरा वाजता प्रवेशिकांची यादी जुळत नसते तेव्हा तिचं पदक कुणी विचारत नाही. यादी कुणाला जुळवता येते, एवढंच विचारतात.

हे जग बाहेरून अवाढव्य दिसतं. झेंडे, राष्ट्रगीतं, टीव्हीवर कोट्यवधी प्रेक्षक. आत शिरलीस की बहुतेक ठिकाणी तीस-चाळीस माणसांची कचेरी आणि एक सतत बिघडणारं कॉफी मशीन. फुटबॉल आणि ऑलिम्पिक समिती हे अपवाद, तिथे शेकड्यांनी माणसं आहेत. बाकीचे महासंघ आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या पतपेढीएवढे. कायद्याने बघायला गेलं तर त्याहूनही साधे. स्विस नागरी संहितेच्या कलम ६० प्रमाणे लेखी घटना केली की संस्था उभी राहते, आणि यातले बरेचसे महासंघ त्याच कलमाखाली उभे आहेत. म्हणजे गावातलं तरुण मंडळ आणि जागतिक महासंघ यांच्या कायदेशीर सांगाड्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. भांडणंही बरीचशी तीच असतात : घटनेत काय लिहिलंय, सभासद किती, आणि खजिनदार कोणाचा.

लोझानच का, तर १९१५ साली महायुद्ध पेटलेलं असताना आधुनिक ऑलिम्पिकच्या जनकाने, कुबेर्तँने, ऑलिम्पिक समितीचं बस्तान तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये हलवलं आणि हळूहळू बाकीचेही तिच्या मागे येऊन बसले. आज व्हॉलीबॉल, हॉकी, तिरंदाजी, रोइंग, टेबल टेनिस, बुद्धिबळ यांची मुख्यालयं याच शहरात आहेत. कुस्तीचं पलीकडे वेव्हेजवळ, सायकलिंगचं एगलला, बास्केटबॉलचं जिनिव्हाच्या वाटेवर मीसला. वाद मिटवणारा क्रीडा लवादही १९८४ पासून इथलाच. पण सगळं जग लोझानमध्ये नाही हेही लक्षात ठेव. क्रिकेट २००५ पासून दुबईत आहे, बॅडमिंटन क्वालालंपूरला, अ‍ॅथलेटिक्स मोनॅकोला, रग्बी डब्लिनला, नेमबाजी म्युनिकला, आशियाई ऑलिम्पिक परिषद कुवेतला. भारतीय पासपोर्ट घेऊन निघणाऱ्या माणसाला हा नकाशा पाठ हवा. का, ते पुढे येईलच.

आता दिवसभर काय चालतं ते. सगळं सांगत बसत नाही, एकच काम जवळून दाखवते. नावं.

स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येक खेळाडूची, प्रशिक्षकाची, फिजिओची नोंद आमच्या प्रणालीत होते. दोन रकाने : कुटुंबाचं नाव आणि स्वतःचं नाव. साहेबाला वाटतं जगात सगळ्यांना हे दोन असतातच. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव "पाटील" आणि दुसऱ्या रकान्यात "स्नेहल रमेश". बापाचं नाव मुलीच्या नावाला चिकटून प्रणालीत जातं, तिथून ओळखपत्रावर, तिथून टीव्हीवरच्या पट्टीत. एका स्पर्धेत समालोचकाला त्यातला "रमेश" उच्चारायला सोपा वाटला असावा. एका मराठी मुलीला त्याने पूर्ण सामनाभर रमेश म्हटलं. घरी टीव्हीसमोर बसलेल्या रमेशरावांना काय वाटलं असेल, देव जाणे. तामिळनाडूच्या मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना आडनावच नसतं, नुसतं आद्याक्षर. रकाना मोकळा सोडला तर प्रणाली पुढे जाऊ देत नाही. मग राष्ट्रीय महासंघातला कारकून तिथे टिंब टाकतो, किंवा तेच नाव दोनदा लिहितो. व्हिसावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरं, आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाला दोन्ही तंतोतंत सारखी हवीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ओळखपत्राच्या खिडकीसमोर रांग लागते ती अशाच माणसांची. इंडोनेशियाचे एकनावी खेळाडू, स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतले दोन आडनावांचे, आइसलँडचे बापाच्या नावावरून आडनाव घेणारे. मी इथे रुजू झाले तेव्हा हा घोळ का होतो ते विभागात कुणाला नीट समजत नव्हतं. मला समजत होतं, कारण माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर तोच घोळ होता. पहिल्या सहा महिन्यांत मी नावं भरण्याची दोन पानी सूचना लिहिली, उदाहरणांसकट. अकरा वर्षांतल्या माझ्या सगळ्या कामांपैकी तीच सर्वात जास्त वापरली जाते.

दुसरं काम राष्ट्रगीताचं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. संघ स्पर्धेला पोहोचला की मॅनेजरला आम्ही एका खोलीत बोलावतो, झेंडा दाखवतो, राष्ट्रगीताची फीत ऐकवतो आणि "हेच बरोबर आहे" अशी सही घेतो. खोली म्हणजे बहुतेक वेळा सराव हॉलमागची अडगळ. हेडफोन असतो, कारण शेजारी दुसऱ्या संघाची बैठक चाललेली असते. बाहेर कुणाला काहीच ऐकू येत नाही, तरी हेडफोन कानाला लागला की जवळजवळ प्रत्येक माणूस उठून उभा राहतो. मीही उभी राहते, मला काही ऐकू येत नसलं तरी. आपलं "जन गण मन" ५२ सेकंदांचं. तेवढा वेळ समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, बरोबर फीत लागली आहे की नाही ते कळतं. हा सोपस्कार कशासाठी, तर २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ग्लासगोला उत्तर कोरियाच्या महिला फुटबॉल संघापुढे पडद्यावर दक्षिण कोरियाचा झेंडा झळकला होता. मुली मैदान सोडून आत गेल्या, सामना तासभर अडला. ती चूक कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी यादीत, कुणाच्या तरी हातून झाली असणार. आमचं काम त्या यादीशी बसण्याचं आहे.

आता माझी स्वतःची चूक. नोंदणीची मुदत कळवताना मी लिहिलं होतं, "१५ तारखेच्या रात्री १२ पर्यंत." पंधरा तारीख सुरू होतानाचे बारा की संपतानाचे? निम्म्या देशांनी एक अर्थ घेतला, निम्म्यांनी दुसरा. त्यातही बारा कुठले, आमचे की त्यांचे, हे लिहिलंच नव्हतं. उन्हाळ्यात स्वित्झर्लंड आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. चार देशांच्या प्रवेशिका प्रणालीने नाकारल्या आणि पुढचे दोन दिवस मी फक्त फोनवर माफी मागत होते. तेव्हापासून "२३.५९, लोझानची वेळ" असं लिहिते आणि शेजारी चार खंडांतली वेळ देते. तुला मुलाखतीत "तुमची एखादी चूक सांगा" असं विचारलं तर अशी सांग. "मी फार परिश्रमी आहे हाच माझा दोष" वगैरे सांगणारे आम्ही रोज ऐकतो.

राजकारणाबद्दल थोडं, कारण ते टळत नाही. महासंघाच्या सर्वसाधारण सभेत साधारणपणे एक देश एक मत असतं. भारताचं जेवढं, तेवढंच तुवालूचं. म्हणून छोट्या बेटावरच्या सचिवाचं पत्र आलं तर त्याला उत्तर त्याच दिवशी जातं. आणि निलंबन. वर्तमानपत्रात ती बातमी असते, आमच्याकडे ती प्रणालीतली एक खूण असते. ती लावली की त्या देशाच्या नावासमोरची सगळी बटणं मंद होतात. भारताच्या बाबतीत हे बऱ्याचदा झालंय. ऑलिम्पिक समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित केली. २०१४ च्या सोचीत आपले तीन खेळाडू उद्घाटनाला ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालले आणि मधेच निलंबन उठल्यामुळे समारोपाला तिरंगा मिळाला. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघावर अकरा-बारा दिवसांची गदा आली तेव्हा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक तोंडावर होता, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. पुढच्या वर्षी कुस्तीची पाळी. अशा वेळी भारतातून ओळखीचे लोक फोन करतात, "तुम्ही तिथे आहात ना, बघा काही होतंय का." होत नाही. करूही नये. माझं मत म्हणशील तर या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, आपल्या देशाची फाइल समोर आली की ती शेजाऱ्याकडे सरकवायची.

यायचं कसं, ते आता.

संकेतस्थळावर जागा निघतात, अर्ज भरता येतात, भरावेत. पण त्या दारातून शिरलेली माणसं मी फार थोडी बघितली आहेत. बहुतेक जण स्पर्धेच्या मांडवातून आले. मीही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात, बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, ७१ देश आले होते. मी ओळखपत्रांच्या टेबलावर स्वयंसेवक होते. लॅमिनेशनचं यंत्र तापलं की कार्डं आत सुरकुतायची, मग पंख्यासमोर धरून बसायचो. तिसऱ्या दिवशी एका परदेशी अधिकाऱ्याने विचारलं, उद्या येणाऱ्या संघांची यादी विमानांच्या वेळेप्रमाणे लावून देशील का? दिली. त्याने माझा ईमेल लिहून घेतला. २०१० ला दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा, तिथे पगारी काम, तेच टेबल पण मोठं. पुढची पाचेक वर्षं या स्पर्धेतून त्या स्पर्धेत, आणि मग इथे.

स्पर्धा संयोजन समिती ही तात्पुरती संस्था असते. चार-पाच वर्षं आधी दहा माणसं, स्पर्धेच्या वेळी हजारो, आणि सहा महिन्यांनी टेबलखुर्च्यांचा लिलाव. यात कायम फिरणारी एक जमातच आहे. यात्रेयात्रेला फिरणाऱ्या तमाशाच्या फडासारखी. दोहा झालं की टोकियो, टोकियो झालं की पॅरिस, आता लॉस एंजेलिस. त्यांचा तंबू कायम बांधलेला. महासंघांना माणूस हवा असतो तेव्हा ते या फडाकडे बघतात, कारण तिथला माणूस ताणाखाली कसा वागतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तुझ्यासाठी वेळ बरी आहे. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. तिथे माणसं लागतील, आणि पहिल्या दोन वर्षांत शिरणाऱ्यांना खरं काम शिकायला मिळतं. शेवटच्या तीन महिन्यांत येणाऱ्यांना टी-शर्ट मिळतो. तोवर महाराष्ट्रात जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होईल तिथे जा. खेळ कुठला हे बघू नकोस, विभाग बघ. ओळखपत्रं, निकाल, वाहतूक, उत्तेजकविरोधी चाचणी, यापैकी काहीही. पाहुण्यांच्या स्वागताला फुलं घेऊन उभं राहण्यात मात्र अडकू नकोस, मुलींना हमखास तिथे ढकलतात.

तुझा खो-खो वाया जात नाही. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, पुरुष आणि महिला दोन्ही विजेतेपदं आपली आणि दोन्ही कर्णधार मराठी. वाढणाऱ्या खेळाला नियमपुस्तिका, पंच प्रशिक्षण, निकाल नोंदवण्याची पद्धत सगळं नव्याने बांधावं लागतं. शिवाय जोडीला ऑलिम्पिकमधल्या एखाद्या खेळाची पंचपरीक्षा दे. पंचगिरीत पैसे नाहीत, बहुतेक ठिकाणी प्रवास, राहणं आणि रोजचा भत्ता एवढंच. पण नियमपुस्तिका कलमासकट पाठ असलेला माणूस कचेरीत दुर्मीळ असतो, हे मी शपथेवर सांगेन.

उत्तेजकविरोधी विभागाचा उल्लेख केला म्हणून थोडं सांगते, तिथे आशियातली माणसं हवी असतात. निवडक खेळाडूंना रोज एका तासाचा ठावठिकाणा आधी कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीन वेळा चुकलं तर उत्तेजक न घेताही बंदी येऊ शकते. आता हरियाणातला पहिलवान गावच्या जत्रेच्या कुस्तीला गेला आणि कळवायचं राहिलं, तर त्याला हे कोण समजावणार? त्याची भाषा, त्याचं गाव, त्याच्या फोनला नेटवर्क कुठे लागतं, हे माहीत असलेला माणूस.

पदवीबद्दल. लोझानला क्रीडा प्रशासनाचा अभ्यासक्रम आहे, एआयएसटीएस या संस्थेचा. दुसरा फिफा मास्टर, लेस्टर, मिलान आणि नॉशातेल अशा तीन ठिकाणी मिळून, वर्गात तीसेक मुलं. दोन्ही चांगले आणि दोन्ही महाग. शिकवतात ते पुस्तकांतूनही मिळेल. तुम्ही पैसे मोजता ते आधीच्या मुलांच्या ओळखीसाठी आणि इथे येऊन राहता येतं त्यासाठी. शिष्यवृत्ती मिळाली तर डोळे मिटून ये. शेत गहाण टाकून येऊ नकोस. दरवर्षी एकदोन भारतीय मुलं परतीच्या तिकिटाचे पैसे मोजत बसलेली मी पाहते.

कारण कामाचा परवाना. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घ्यायचं तर मालकाला सिद्ध करावं लागतं की स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही. वर संपूर्ण देशाचा वार्षिक कोटा. अलीकडची काही वर्षं तो ८,५०० आहे, ४,५०० लांब मुदतीचे आणि ४,००० कमी मुदतीचे परवाने. यात बँका, औषध कंपन्या, सगळे आले. त्यामुळे "कनिष्ठ समन्वयक" या जागेसाठी भारतातून माणूस आणणं मालकाला परवडत नाही, तू कितीही हुशार असलीस तरी. काहीतरी असं हवं जे शेजारच्या लिऑनमधल्या मुलाकडे नाही. आणि म्हणूनच तो नकाशा. दुबई, क्वालालंपूर, कुवेत इथल्या कचेऱ्यांत परवान्याचा जाच मानाने कमी. तिथे चार वर्षं काढून लोझानला येणं हा सरळ येण्यापेक्षा जवळचा रस्ता आहे.

कुणी पैसे मागून नोकरी किंवा "हमखास स्वयंसेवक" पद देतो म्हणाला तर फोन ठेव. एका एजंटने आमच्या महासंघाच्या चिन्हाचं पत्र छापून तीन मुलांकडून पैसे घेतले होते. ती मुलं बॅगा घेऊन थेट आमच्या स्वागतकक्षात उभी राहिली. खरं स्वयंसेवक काम फुकट मिळतं, फक्त राहण्याजाण्याचा खर्च अनेकदा आपला असतो.

पगार? रुपयांत मोजलास तर डोळे पांढरे होतील, इथल्या भाड्यात मोजलास तर परत काळे होतील. घर घ्यायला तीन महिन्यांचं भाडं अनामत, शिवाय तुझ्यावर कुणाची वसुली चालू नाही असा सरकारी दाखला. तीन महिन्यांच्या आत आरोग्य विमा सक्तीचा. कपडे धुण्याच्या यंत्राला इमारतीत पाळी असते, माझी दर दुसऱ्या गुरुवारी, आणि ती चुकली तर शेजारीण लिफ्टमध्ये नमस्कार करत नाही. तिच्याशी बोलायला फ्रेंच लागतं. कचेरीत इंग्रजी चालतं, पण आतली खबर, म्हणजे कोण सोडून चाललंय आणि कुठली जागा निघणार, ती कॉफीच्या वेळी फ्रेंचमध्ये फिरते. आतापासून शिक. पुण्यात आलियान्स फ्राँसेज आहे.

करार बहुधा ऑलिम्पिकच्या चार वर्षांना बांधलेले असतात. छोटे महासंघ ऑलिम्पिकच्या उत्पन्नातल्या वाट्यावर जगतात, त्यामुळे स्पर्धा संपली की हिशेब होतो आणि माणसं कमी होतात. मी तीनदा ते सोसलंय, दोनदा वाचले, एकदा आठ महिने कंत्राटावर काढले. घरच्यांना "कायम नोकरी" म्हणून सांगितलंस तर पुढे तूच अडकशील.

या महिन्यात कर ते एकच. पासपोर्ट काढून दोन्ही रकाने बघ. आडनावाचा मोकळा असेल तर आताच दुरुस्तीला टाक. एकनावी पासपोर्टवर अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून पर्यटक व्हिसा बंद केलाय, आणि तुझी पहिली मुलाखत दुबईला असायची शक्यता बरीच आहे. दुसऱ्या रकान्यात तुझ्या नावापुढे वडिलांचं नाव असेल तर ते राहू दे. फक्त कुठल्याही स्पर्धेत ओळखपत्राचा अर्ज भरताना "टीव्हीवर दिसणारं नाव" असा तिसरा रकाना दिसतो का ते शोध. आमच्या प्रणालीत तो आता आहे.